खानावळवाल्याचं पित्त

काकांना हसताना मी कधी पाहिलं नाही. सदाशिव पेठेत कुणीच पाहिलं नसावं. लोक म्हणायचे, माणूस शिष्ट आहे. सदाशिव पेठेत हे काही फार मोठं दूषण धरत नाहीत, त्यामुळे कुणी खोलात गेलं नाही. खरं कारण एवढंच होतं की हसलं की त्यांच्या पोटातलं आम्ल घशाशी यायचं. खदखदून हसणं दूरच, नुसतं खुदकन हसू फुटलं तरी छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं व्हायचं आणि अर्धा दिवस वाया जायचा. म्हणून चेहरा इस्त्री केल्यासारखा ठेवायचा आणि बोलायचं मात्र असं की समोरच्याने पोट धरावं, ही त्यांची पद्धत. मी एकदा भीत भीत म्हटलं, "काका, तुमच्यामुळे सगळे हसतात आणि तुम्हीच तेवढे हसत नाही."

म्हणाले, "विनोद मी करतो, हसायचं तुम्ही बघा. सगळा भार एकट्यावर टाकता का?"

त्यांची खानावळ होती. ज्या माणसाला तिखट, आंबट, तळलेलं, चहा, टोमॅटो, लिंबू, तुरीची डाळ यांतलं काहीही चालत नव्हतं, तो माणूस पेठेतल्या खोल्यांमधून राहणाऱ्या पोरांना दोन्ही वेळा जेवू घालत होता. आईकडून खानावळ मिळाली आणि वडिलांकडून पित्त, असं ते सांगायचे. "भावाला फ्लॅट मिळाला. त्याची वाटणी जरा सोपी होती."

मी तिथे पोळी-भाजीला होते. मी नांदेड जिल्ह्यातली, किनवटकडची. सातवी झाली आणि शाळा सुटली. सोडली असं म्हणत नाही, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. लग्नानंतर बिबवेवाडीत एका खोलीत आलो. नवऱ्याचं काम कधी असायचं, कधी नसायचं. पुण्यात मला सगळ्याचीच धास्ती वाटायची. रस्ता ओलांडायची, बसच्या कंडक्टरची, आणि सगळ्यात जास्त शुद्ध बोलणाऱ्या माणसांची. अशात कुणीतरी या खानावळीचा पत्ता दिला. दारात काका स्टुलावर ताठ बसले होते.

"शिक्षण?" त्यांनी विचारलं.

"सातवी."

"उत्तम. इथे जेवायला येणारे सगळे पदवीधर आहेत. कणीक मळायला कुणी तयार होत नाही. स्वयंपाक कुठे शिकलात?"

"घरीच."

"घरचे हयात आहेत?"

"हो."

"सगळे?"

"हो काका."

"मग उद्यापासून या."

हा अपमान होता की नोकरी, हे कळायला मला बसस्टॉपपर्यंत जावं लागलं. कळलं तेव्हा तिथेच डोळे भरून आले. पुण्यात मला 'तुम्ही' म्हणणारे ते पहिलेच. त्या कामावर आमची चूल पेटली. ते उपकार मी विसरले नाही आणि ते काम जाईल ही भीतीही कधी सुटली नाही. हे गेलं तर पुढची वाट थेट किनवटच्या एस.टी.ची, हे मला पाठ होतं. त्यामुळे काका जरा गप्प बसले तरी मी विचारायची, "काका, काही चुकलं का?"

"अजून नाही," ते म्हणायचे. "दिवस मोठा आहे."

पित्त म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले. आमच्याकडे पित्त झालं म्हणजे डोकं दुखतं, उलटी होते, लिंबूपाणी घेऊन माणूस कामाला लागतो. काकांचं तसं नव्हतं. काकांचं पित्त घरात राहायला आलेल्या मेव्हण्यासारखं होतं. त्याच्या वेळा काकांना सांभाळाव्या लागत. सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी गोळी. मग अर्धा तास काही नाही. मग काहीतरी, पण ते बेचव. जेवलं की वज्रासन. मेंबर यायची वेळ झाली तर वज्रासनातच गल्ल्यावर. नवा माणूस आला की त्याला वाटायचं, मालक पूजेला बसले आहेत. तो चपला बाहेर काढून नमस्कार करायचा. काका आशीर्वाद द्यायचे आणि म्हणायचे, "आगाऊ पैसे भरल्याशिवाय प्रसाद मिळत नाही."

वाकायचंही नाही. वाकलं की वर येतं. त्यामुळे काकांच्या हातून खाली पडलेली वस्तू त्यांच्यापुरती संपली. चष्म्याचं घर, किल्ली, रुमाल जिथे पडेल तिथे पडून राहायचं. काकूंनी आयुष्यभर ते उचललं आणि नंतर मी. एका लग्नात त्यांची म्हातारी आत्या पाय पुढे करून उभी राहिली. काका ताठच. आत्या वाट पाहतेय, मागे रांग खोळंबलेली. शेवटी काका म्हणाले, "आत्या, नमस्कार पोचला असं समज. वाकलो तर बरोबर दुसरंही काही पोचेल." आत्याने बोलणं टाकलं. काकांना त्यातही सोय दिसली.

पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा होत्या. डोकं उंच राहिलं की रात्री घशाशी येत नाही. हे काकू सांगायच्या तेव्हा मी लाटणं बाजूला ठेवून ऐकायची. "अगं, माहेरचं कुणी मुक्कामाला आलं की रात्री उशीवर डोकं ठेवून झोपायचं आणि सकाळी पायथ्याशी गोळा झालेलं सापडायचं. लग्न झाल्यापासून मी घसरगुंडीवर संसार केला." काका पलीकडून म्हणायचे, "खाली घसरलीस तरी माहेरी गेली नाहीस. पलंगाचा उतार चुकीच्या दिशेला होता."

आणि सल्ले! पित्तावर औषध न सांगणारा माणूस मेलेला तरी असतो किंवा पुण्यातला नसतो, असं काका म्हणायचे. दूधवाला म्हणायचा, थंड दूध घ्या. डॉक्टर म्हणायचे, दूध नको. समोरचे किराणावाले म्हणायचे, जिरं चावा. एक निवृत्त मास्तर रोज दारावरून जाताना थांबून आवळ्याचं महत्त्व सांगायचे. काका सगळ्यांचं शांतपणे ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "आपल्याला कधी झालं होतं?" "छे छे, आपल्याला काय होतंय!" असं उत्तर आलं की म्हणायचे, "तेच म्हटलं. इतका आत्मविश्वास पोट चांगलं असल्याशिवाय येत नाही."

मास्तरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पित्तच ना? त्याने माणूस काही मरत नाही."

एकदा मास्तर गेल्यावर काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीच तर पंचाईत आहे. मेलो असतो तर लोकांनी आजार मानला असता."

मी कणीक मळत राहिले. पण ते खरं होतं. साखरेच्या माणसाला लोक बिनसाखरेचा चहा करतात, हृदयाच्या माणसाला जिना चढू देत नाहीत. पित्तवाल्याला मात्र "एवढ्याने काय होतंय" म्हणून भज्यांची बशी पुढे करतात आणि नाही म्हटलं की रागावतात. लग्नकार्यात काका अक्षता टाकून, पाकीट देऊन पंगतीच्या आधी निघायचे. "दुसऱ्या एका लग्नाला जायचंय," असं सांगायचे. मुहूर्त नसलेल्या दिवशीसुद्धा, साखरपुड्यात, मुंजीत, बारशात, त्यांना दुसरं लग्न असायचं. पुढे नातेवाईक म्हणायला लागले, यांना मोठमोठ्या लोकांची बोलावणी असतात, आपल्याकडे कशाला जेवतील! शिष्टपणाचा शिक्का असा घरातूनच बसला. मागे राहून काकू दोघांच्या वाटचं जेवायच्या आणि दोघांच्या वाटचं ऐकूनही यायच्या.

स्वतः काका दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचे. पंगत बसायच्या आधी, भिंतीकडे तोंड करून. मऊ भात, मुगाचं पाणी, दुधी. मी कधी दुधीत कोथिंबीर घातली, कधी खोबरं किसून घातलं, म्हटलं बदल होईल. म्हणाले, "ताई, दुधीला भलत्या आशा दाखवू नका. तो आपली पायरी ओळखून आहे."

आता ज्याने चाखायचं नाही त्याने खानावळ कशी चालवायची? त्याचीही त्यांनी पद्धत बसवली होती. एक, वास. दारात बसून फोडणी करपली की कांदा कच्चा राहिला, हे ते सांगायचे. दोन, परत येणारी ताटं. कोणत्या कोपऱ्यात काय उरलं यावर त्यांचं बारीक लक्ष. आणि तीन, ढेकर. इतर लोक गाण्याच्या मैफलीला जातात तसे काका पंगतीच्या शेवटी कान लावून बसायचे. लांब, खालून आलेला, शेवटी विरणारा ढेकर म्हणजे भाजी जमली. आखूड, कोरडा म्हणजे पोरगं घाईत आहे. मध्येच तुटलेला म्हणजे पोळ्या कच्च्या. कोणी मोठ्याने ढेकर दिला आणि ओशाळून "सॉरी काका" म्हणाला तर काका म्हणायचे, "अहो, सॉरी कसलं? एवढीच तर पावती मिळते आम्हाला."

चौथी आणि खरी पद्धत म्हणजे काकू. वाढण्याआधी काकू चमच्याने चाखायच्या आणि मान हलवायच्या. मग मुलाला मूल झालं, सून नोकरीची, आणि काकू नातवाला सांभाळायला वाघोलीला गेल्या. रविवारी तेवढ्या यायच्या, त्याही जेवून. जाताना मसाल्याचे डबे भरून ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी काका स्वयंपाकघराच्या दारात आले आणि मला म्हणाले, "आजपासून जीभ तुमची."

एवढा विश्वास माझ्यावर शाळेत हजेरी घेणाऱ्या बाईंनीसुद्धा टाकला नव्हता. रोज पंगतीच्या आधी काका दारात यायचे. मी चमचाभर आमटी तळहातावर घेऊन चाखायची.

"तिखट?"

"बरोबर आहे."

"आंबट?"

"बरोबर."

"वाढा."

काकूंचा मसाला होता तोवर खरंच बरोबर होतं. तो संपला. मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "मला काय विचारता? मला त्यातलं काय कळतं? जीभ तुमच्याकडे आहे." माझ्या आईने एस.टी.च्या पार्सलातून काळा मसाला पाठवला होता. आमच्याकडची मिरची, भाजलेलं सुकं खोबरं, दगडफूल. डबा उघडला की आमचं अंगण समोर यायचं. तो मी वापरायला लागले. पहिल्या दिवशी चाखलं आणि वाटलं, अगदी बरोबर. चार दिवसांनी वाटलं, अजून थोडं चालेल. मी खोटं बोलत नव्हते. माझ्या जिभेला ते बरोबरच लागत होतं. जीभ किनवटची, पोरं सगळीकडची आणि मालकाला चव नाही, असा तो कारभार.

पोरं पाणी जास्त प्यायला लागली. काका म्हणाले, "उन्हाळा यंदा लवकर आला." पोरं दही मागायला लागली. काका म्हणाले, "चांगलं आहे, आरोग्याकडे लक्ष आहे." पोरं रुमालाने नाक पुसायला लागली, तेव्हा काकांनी "धूळ फार वाढली शहरात" असं म्हणून दाराला पडदा लावून घेतला. ताटं तर चाटूनपुसून परत येत होती, कारण आग लागलेला माणूस समोर असेल ते, भात, पोळी, काकडी, घशाखाली ढकलत असतो. काकांच्या वासाच्या, ताटांच्या सगळ्या परीक्षांत मी पहिल्या नंबराने पास होत होते. शाळेत हे सुख कधी मिळालं नव्हतं.

मग एका दुपारी पंगत उठताना रत्नागिरीच्या एका मुलाने ढेकर दिला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, सरळ, गरीब मुलगा. काका स्टुलावर ताठ झाले.

"हा ढेकर माझा आहे," ते म्हणाले.

मुलगा घाबरला. "काय झालं, काका?"

"हा आंबट आहे. अर्ध्यातून परत फिरलेला आहे. तुमच्याकडे कसा आला?"

तेवढ्यात दुसऱ्या कोपऱ्यातून तसाच एक आला. परत आलेली ताटं न बघताच काका आत गेले. मला तेच भयंकर वाटलं.

रविवारी दुपारी खानावळीत खास जेवण असायचं आणि रात्री सुट्टी. मी भरली वांगी केली होती, भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाला दळून केलेलं पीठ. आमच्याकडे लग्नाला त्याशिवाय चालत नाही. नवऱ्याचं काम आठवड्यापूर्वीच सुटलं होतं, म्हणून मी जरा जास्तच जीव लावून केलं होतं. पंगत बसली. काकूही त्या दिवशी वाघोलीहून न जेवता आलेल्या, त्यांनीही ताट घेतलं.

रत्नागिरीचा मुलगा उभा राहिला. "काका, बोलायचं होतं. रात्री झोप लागत नाही. आडवं झालं की छातीत जळतं, घशाशी येतं."

काकांचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, ते त्याला मिठी मारतात. इतक्या वर्षांनी समदुःखी भेटला! "डाव्या कुशीवर झोपा. उशाकडे विटा ठेवा, माझ्याकडे जादा आहेत. पट्टा सैल करा. आणि कुणी आवळा सांगितला तर ओळख दाखवू नका."

"मलाही होतंय, काका," दुसरा म्हणाला. "मला पण," तिसरा. बघता बघता निम्म्या पंगतीचे हात वर. काकांचा उजेड मावळला. एवढ्या विटा त्यांच्याकडे नव्हत्या.

तेवढ्यात काकूंनी वांग्याचा घास घेतला. त्यांचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि अख्खा तांब्या त्यांनी तोंडाला लावला. "अहो, हे वांगं आहे की शिक्षा? पोरं काय गुन्हेगार आहेत? आणि हे रोज चालू आहे? तुम्ही नुसते वास घेत बसलात!"

मी ओट्याशी उभी होते.

"आमच्या बिल्डिंगमध्ये एक बाई आहेत," काकू म्हणाल्या, "साधं, सात्त्विक करतात. उद्यापासून त्यांना बोलावते. हिला आजच सांगून टाका."

मी एवढंच म्हणाले, "काकू, मला तिखट लागलंच नाही हो." ते ऐकून पोरांतलं कुणीतरी हसलं. काका नाही.

काका म्हणाले, "ताट वाढा."

"कुणाला?"

"मला. तक्रार आली तर मालकाने माल बघायचा असतो."

"तुम्ही?" काकू उभ्याच राहिल्या. "वेड लागलंय का? तुम्हाला चालत नाही!"

"कायदा सगळ्यांना सारखा."

मी वाढलं. आमटी ताटात सांडली. काका भिंतीकडे तोंड न करता पंगतीत, पोरांच्या मध्ये बसले. भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याला लावला, तोंडात घातला. सगळी खानावळ थांबली. त्यांनी चावला. पुष्कळ वेळ चावला. मला वाटलं आता थुंकतील. त्यांनी गिळला आणि दुसरा तुकडा मोडला.

"कळलं ना आता?" काकू म्हणाल्या.

तिसरा घास, चौथा. कपाळावर घाम आला, तो त्यांनी बाहीने पुसला. आमटी वाटीनेच तोंडाला लावली. भाकरी संपली. त्यांनी मान वर न करता ताट पुढे सरकवलं आणि मला म्हणाले, "वांगं अजून एक."

"अहो, पुरे," काकूंचा आवाज एकदम खाली आला.

"थांब गं जरा," काका म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांचं असं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

ताट पुसून स्वच्छ झालं तेव्हा ते उठले, हात धुतले आणि पोरांकडे वळून म्हणाले, "तक्रार बरोबर आहे. जेवण फारच तिखट आहे." आणि आत जाऊन खुर्चीत बसले. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. काकू त्या दिवशी वाघोलीला परतल्या नाहीत.

सोमवारी मी आले ती पिशवीत माझं लाटणं घालून न्यायचं ठरवूनच. काका त्याच खुर्चीत होते, पाठीला उशा, गळ्याला मफलर. रात्र तशीच बसून काढलेली. आवाज पार गेला होता. डोळे खोल. खानावळीच्या गल्लीतले डॉक्टर आले होते. काकू मोबाइल हातात घेऊन दाराशी उभ्या, वाघोलीच्या बाईंना लावायच्या बेतात. मी उंबऱ्यापाशीच थांबले.

डॉक्टर रागावले होते. "इतक्या वर्षांचं पथ्य आणि एका दिवसात पाण्यात घातलंत! काय खाल्लंत एवढं?"

काकांनी घसा खाकरून पाहिला. आवाज येईना. मग घोगरं, तुटक, पण एकेक शब्द वेगळा ऐकू येईल असं म्हणाले, "खातो मी रोजच, डॉक्टर. काल जेवलो."

डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिले. काकूंनी मोबाइल फडताळावर ठेवला. माझ्या बाजूने स्वयंपाकघरात गेल्या आणि आतूनच ओरडल्या, "उभी काय राहिलीस? पोरं यायची वेळ झाली."

मी आत गेले. त्यांनी मिरच्यांचा डबा काढला, त्यातून मूठभर मिरच्या घेतल्या, निम्म्याहून जास्त परत टाकल्या आणि उरलेल्या माझ्यापुढे ठेवल्या. "पोरांना एवढ्याच. तुझी जीभ जरा घरी ठेवून येत जा."

"हो काकू."

डबा बंद करता करता त्या थांबल्या. एक मिरची उचलली, उभी चिरली, नखाने तिचं बी सगळं काढून टाकलं आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"यांचं बरं झालं की मुगाच्या पाण्यात टाक," त्या म्हणाल्या. "उकळी आली की काढून घे. आणि विचारलं तर नाही म्हण."